टाकी फुल : एका टंचाईचे रांगशास्त्र

रांगेत उभे राहणे ही महाराष्ट्रातील नागरिकाला शिकवावी लागणारी गोष्ट नव्हे. रेशनच्या दुकानापुढे पिशव्या मांडून, रॉकेलच्या गाड्यापुढे डबे मांडून आणि पंढरपुरात आषाढीच्या दर्शनबारीत तासन्‌तास तिष्ठून येथील समाजाने या विषयात जे प्रावीण्य मिळवले आहे, ते पाहता सोळा संस्कारांत रांगेचा समावेश कसा झाला नाही, याचेच नवल वाटते. मात्र इंधन संपणार अशी वार्ता पसरल्यावर पेट्रोल पंपापुढे जी रांग लागते, ती या सर्व रांगांहून मुळातच भिन्न आहे. इतर ठिकाणी वस्तू कमी असते म्हणून रांग लागते. येथे रांग लागते म्हणून वस्तू कमी होते. कार्यकारणाचा हा उलटा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय पंपावरील मनुष्याचे वर्तन समजत नाही, आणि ध्यानात घेतल्यानंतर तर ते मुळीच समजत नाही.

अभ्यासाला सोयीचे असे या क्रमाचे उदाहरण जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत सापडते. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात अशी तरतूद होती की, बेदरकारपणे वाहन चालवून कोणाच्या मृत्यूस कारणीभूत झालेला चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकेल. बोलण्यात अशा प्रकाराला ‘हिट अँड रन’ म्हणतात. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. अपघातस्थळी थांबावे तर जमाव मारतो आणि पळावे तर आता कायदा मारणार, असे चालकांचे म्हणणे होते, आणि त्यापायी सोमवार, १ जानेवारी रोजी देशात ठिकठिकाणी ट्रक व टँकर जागच्या जागी उभे राहिले. व्यायाम, बचत किंवा वाचन यांपैकी काहीतरी नववर्षाचा संकल्प म्हणून योजून ठेवलेल्या महाराष्ट्राने ते सारे बाजूला सारून एकच संकल्प केला आणि तो, संकल्पांच्या इतिहासात प्रथमच, त्याच दिवशी अमलातही आणला : टाकी फुल करायची.

पेट्रोल डेपोतून पंपापर्यंत कसे येते, हे येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. डेपो म्हणजे तेल कंपन्यांचे मोठे साठवण केंद्र. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे अशी केंद्रे असून उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्यासह राज्याच्या बऱ्याच भागाची भिस्त तेथून सुटणाऱ्या टँकरांवर असते. टँकर पंपावर येऊन आपला माल जमिनीखालच्या टाकीत रिकामा करतो, आणि आत किती माल आहे हे खुणा केलेली लांब पट्टी टाकीत सोडून पाहिले जाते. या मोजणीला ‘डिप घेणे’ म्हणतात. टाकीच्या तळाशी यंत्राला ओढता न येणारा जो थर उरतो, तो ‘डेड स्टॉक’ होय. माल या पातळीला आला की पंप ‘ड्राय’ झाला असे समजले जाते, प्रवेशाच्या वाटेवर दोरी बांधली जाते आणि ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागते. या पाटीचा वाचकवर्ग मोठा असला तरी तिच्यावर विश्वास ठेवणारा वर्ग अत्यल्प आहे, कारण मालकाने घरच्या माणसांसाठी तळाशी काहीतरी राखून ठेवलेच असणार, याविषयी प्रत्येक वाहनधारकाची खात्री असते, आणि म्हणून तो दोरीवरून वाकून ‘अहो, शंभरचं तरी टाका’ अशी विनंती करून पाहतो. त्या दिवसांत मुंबईत पेट्रोल लिटरला १०६ रुपये ३१ पैसे होते, त्यामुळे ही विनंती पुऱ्या एका लिटरचीही नसे, एवढा तिच्यातील विनय मान्य करावा लागतो.

पुरवठ्याची ही सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे, ते म्हणजे सर्वांच्या टाक्या एकाच दिवशी भरायच्या नसतात. रस्त्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या गिअरविरहित स्कूटरच्या टाकीत पाच लिटरहून थोडे अधिक पेट्रोल मावते. परंतु पाच लिटर म्हणजे काय, हे त्या टाकीला एरवी ठाऊक नसते, कारण काटा तांबड्या रेषेला टेकल्यावर शंभराचे, फार तर दोनशेचे टाकणे, हा मध्यमवर्गीय शिरस्ता आहे. आता उदाहरणादाखल एक लाख दुचाकी असलेले एखादे शहर कल्पून पाहावे. प्रत्येकीच्या टाकीत सरासरी दोन लिटर आहेत असे मानले, आणि सर्वांनी एकाच दिवशी आणखी तीन लिटर घेऊन टाकी काठोकाठ केली, तर नेहमीच्या खपाव्यतिरिक्त तीन लाख लिटर, म्हणजे बारा हजार लिटरचे २५ टँकर, एका दिवसात लागतील. आणि तेही नेमके अशा दिवशी, जेव्हा टँकर येत नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भरण्याच्या या खटाटोपात शहरातले पेट्रोल संपलेले नसते. ते जमिनीखालच्या टाक्यांतून सीटखालच्या टाक्यांत गेलेले असते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात ठेवल्याने कोणी भिकेला लागत नाही, परंतु टंचाईच्या दिवशी नागरिक रिकामा झालेला खिसा एकमेकांना दाखवून हळहळत असतात आणि भरलेल्या खिशाला कुलूप लावतात. जनतेच्या ताब्यात सर्वाधिक पेट्रोल ज्या दिवशी असते, त्याच दिवसाला इंधनटंचाईचा दिवस म्हणतात, असा विचित्र निष्कर्ष यातून निघतो.

या निष्कर्षाला समाजशास्त्रात आधार आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात स्वतःच स्वतःला खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली. आरंभी खोटे असलेले भाकीत लोक खरे मानतात, तसे वागतात, आणि त्या वागण्यामुळेच ते शेवटी खरे होते, असा तिचा आशय आहे. मर्टन यांचे उदाहरण बँकेचे होते : धडधाकट बँक बुडणार अशी आवई उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखरच बुडते. पंपाच्या बाबतीत आवई उठवण्याचे कार्य कौटुंबिक व्हॉट्सॲप समूह पार पाडतात. ‘उद्यापासून पंप बंद, सर्वांना कळवा’ असा निरोप तेथे येतो, आणि तो वाचणारा सुजाण सदस्य सर्वांना कळवण्यापूर्वी स्वतः पंपावर जाऊन येतो, एवढा क्रम मात्र कसोशीने पाळला जातो. त्यानंतर साठा पुरेसा आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, असे प्रशासन जाहीर करते. आजवर ज्या ज्या वेळी घाबरू नका असे सांगण्यात आले, त्या त्या वेळी घाबरण्यासारखे काहीतरी होते, हा दीर्घ अनुभव गाठीशी असल्यामुळे जे तोवर घरी होते तेही हेल्मेट शोधू लागतात. रांगेच्या शिस्तीबद्दल जगभर नावाजलेल्या ब्रिटनमध्येही सप्टेंबर २०२१ मध्ये टँकरचालकांच्या कमतरतेची बातमी फुटल्यावर हेच घडले. नेहमीप्रमाणेच पेट्रोल घ्या, असे मंत्री सांगत राहिले, लोक नेहमीप्रमाणेच ऐकेनासे झाले, पंप ओस पडले आणि ऑक्टोबरात टँकर चालवण्यासाठी लष्कराचे जवान बोलवावे लागले.

रांगांचा गणिती अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये घातला. किती लोक फोन करतील आणि किती तारा लागतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि प्रत्येक ग्राहक आपल्या गरजेनुसार, दुसऱ्याचे न पाहता येतो, असे त्यांनी धरले होते. दुसऱ्याचे न पाहता काही करणे हे डेन्मार्कात शक्य असेलही. येथे मात्र ग्राहक येतो तो दुसरा आला आहे हे पाहूनच. कोथिंबीर आणायला बाहेर पडलेला गृहस्थ पंपाबाहेर लांबलेली रांग पाहतो, काही न विचारता तिच्या शेपटाला गाडी लावतो, आणि मग पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवून ‘काय झालंय हो?’ अशी चौकशी करतो. पुढच्यालाही ठाऊक नसते. पण आपल्यामागे आता आणखी एक जण उभा आहे, या एका गोष्टीने त्याला आपला निर्णय योग्य होता असे वाटू लागते. रांग जितकी लांब तितके तिचे आकर्षण अधिक, हा नियम एर्लांग यांच्या समीकरणांत बसत नाही.

रांगेतील व्यक्तींचे स्थूलमानाने पाच वर्ग पडतात. पहिला वर्ग दूरदर्शींचा. यांची टाकी आधीच जवळजवळ भरलेली असते आणि दीड तास उभे राहून ते ऐंशी रुपयांचे पेट्रोल घेतात, कारण त्याहून अधिक आत मावत नाही. दुसरा वर्ग कुटुंबवत्सलांचा. हे स्वतःची गाडी भरून घरी जातात आणि नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेलेल्या मुलाची, दिवाळीपासून सुरू न झालेली मोटारसायकल ढकलत परत येतात. तिसरा वर्ग द्विपंपींचा. यात पती एका पंपावर आणि पत्नी दुसऱ्या पंपावर उभी असते, दोघांचा फोन अखंड चालू असतो, आणि ज्याची रांग वेगाने सरकते तिकडे दुसऱ्याने यावे असे ठरलेले असल्यामुळे दोघेही अर्ध्या वाटेत एकमेकांना भेटतात. चौथा वर्ग भाष्यकारांचा. यांना नव्या संहितेची कलमे, आखाती देशांचे राजकारण आणि पंपमालकाच्या जावयाचा व्यवसाय यांची सारखीच माहिती असते, आणि ती त्यांनी कोणालाही विचारलेली नसते, त्यांनाही कोणी विचारलेली नसते. पाचवा वर्ग ज्याच्या गाडीतले पेट्रोल खरोखरच संपले आहे अशांचा. हा वर्ग संख्येने सर्वांत लहान असून तो नेहमी रांगेच्या शेवटी आढळतो, कारण इतर बहुतेक गाडी चालवत आलेले असतात आणि हा ढकलत आलेला असतो. ज्याला गरज नाही तो पुढे आणि ज्याला गरज आहे तो मागे, अशी रचना कोणत्याही अधिकाऱ्याने न आखता, केवळ निसर्गनियमाने सिद्ध होते.

दुचाकीस्वारांच्या बाबतीत ‘रांग’ ही संज्ञा जपूनच वापरली पाहिजे. रस्त्यावर ती एकपदरी असते, पंपाच्या आवारात शिरताच ती तिपदरी होते आणि यंत्रापाशी पोहोचेतो तिचा उघडलेल्या पंख्यासारखा अर्धगोल होतो, ज्याच्या मध्यभागी नळी हातात घेतलेला कर्मचारी उभा असतो. प्रत्येक चाक त्याच्याकडे रोखलेले, प्रत्येक टाकीचे झाकण आधीच उघडलेले आणि प्रत्येक हात ‘इकडे, इकडे’ अशा खुणा करणारा असतो. पंपावरील कर्मचाऱ्याने पेट्रोल सोडण्यापूर्वी आकडा शून्यावर असल्याचे गिऱ्हाइकाला दाखवावे, असा प्रघात आहे, आणि म्हणून इतर दिवशी ‘झिरो बघा’ हे त्याचे ठरलेले वाक्य दिवसातून शेकडो वेळा उच्चारले जाते. इतर दिवशी त्या वाक्याकडे लक्ष न देणारे गिऱ्हाईक टंचाईच्या दिवशी झिरो डोळ्यांत तेल घालून बघते, नळीतला शेवटचा थेंब पडेपर्यंत गाडी हलवत नाही, आणि तो पडल्यानंतर गाडी डावी-उजवीकडे हिंदकळवून आणखी दहा रुपयांची जागा निघते का, याचा शोध घेते. मागून ‘चला काका, घ्या पुढं’ असा आग्रह सुरू होतो. तेवढ्यात काकांचा यूपीआयचा व्यवहार अडकतो, कारण आवारातील सर्व जण एकाच वेळी फोनवर ‘अजून नंबर आला नाही’ असे घरी कळवत असल्यामुळे नेटवर्कपुढेही रांग लागलेली असते.

पंपाची रांग रस्त्यावर आली की तिचे वाहतूककोंडीत रूपांतर होते. कोंडी म्हणजे ज्या स्थितीत प्रत्येक वाहन दुसऱ्या वाहनामुळे अडलेले असते आणि कोणतेही वाहन स्वतःला अडथळा मानत नाही, अशी स्थिती. पंप साधारणतः रस्त्याच्या डाव्या कडेला असल्याने रांग प्रथम डावी मार्गिका व्यापते. तिला ओलांडून जाणारे उजवीकडे सरकतात. समोरच्या दिशेने येणाऱ्यांना पंपात शिरण्यासाठी दुभाजकातील खंड शोधायचा असतो. आणि रांगेचे शेपूट पुढच्या चौकात पोहोचले की सिग्नलचा हिरवा दिवा केवळ शोभेपुरता उरतो. या अवस्थेत रांग कोणती आणि कोंडी कोणती, हे ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. पेट्रोल नको असलेला मनुष्य पाऊण तास रांगेत पुढे सरकून अखेर यंत्रापाशी येतो आणि आलोच आहोत तर असू द्या, म्हणून टाकी फुल करतो. उलट पेट्रोल हवे असलेला मनुष्य चुकीच्या रांगेत राहून पुलावर चढतो आणि उपनगरात उतरतो. या साऱ्या काळात भोंगे अखंड वाजत असतात. भोंगा वाजवल्याने पुढचे वाहन सरकते, हे आजवर सिद्ध झालेले नाही, परंतु न वाजवल्याने सरकते असेही कोणी सिद्ध केलेले नसल्यामुळे लोक दुसरी शक्यता अजमावून पाहत नाहीत.

कोंडीत इंजिन बंद करावे, अशी शिकवण इंधनबचतीचा प्रचार करणाऱ्या संस्था अनेक वर्षे देत आल्या आहेत. जागेवर उभी असलेली लहान मोटार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते, म्हणजे दोन तासांच्या रांगेत वातानुकूलन यंत्र लावून बसलेला सद्गृहस्थ पेट्रोल मिळवण्यासाठी लिटर-दोन लिटर पेट्रोल आधी खर्च करतो. त्याला इंजिन बंद करण्याचा मार्ग मोकळा असतो, परंतु रांग पुढे सरकली आणि गाडी सुरू व्हायला दोन क्षण लागले, तर त्या फटीत रिक्षा घुसेल, ही भीती त्याला बचतीच्या विचारापासून परावृत्त करते. ही भीती निराधार म्हणता येत नाही, कारण रिक्षा घुसण्यासाठी दोन क्षण लागत नाहीत.

अशा प्रसंगी प्रशासनाकडे जो उपाय असतो त्याला मर्यादा घालणे म्हणतात. चंडीगडच्या प्रशासनाने २ जानेवारी २०२४ रोजी दुचाकीला दोन लिटर किंवा कमाल २०० रुपये आणि चारचाकीला पाच लिटर किंवा कमाल ५०० रुपये अशी मर्यादा ठरवून दिली. मर्यादेमागचा हेतू उदात्त असतो. पण नागरिकाच्या दृष्टीने मर्यादा आणि हक्क यांत फारसे अंतर नाही. जो एरवी शंभराचे टाकून समाधानाने गेला असता, त्याला दोनशेपर्यंत मिळते असे कळल्यावर शंभराचे घेणे हा स्वतःवरचा अन्याय वाटू लागतो. शिवाय एका फेरीत दोन लिटर मिळत असतील तर दोन फेऱ्यांत चार मिळतात, हे गणित ज्याला सुटत नाही असा वाहनधारक दुर्मिळ असल्यामुळे मर्यादेने मागणी कमी न होता रांगेची लांबी तेवढी वाढण्याचा संभव असतो.

टंचाईत पर्यायी वाहनांचा विचार ओघाने येतो. १९७३ च्या तेलसंकटाच्या काळात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी आणि विरोधी पक्षांतील त्यांचे सहकारी संसदेत बैलगाडीने गेले होते; पन्नास वर्षांनी, २ जानेवारी २०२४ रोजी, हैदराबादच्या रस्त्यांवर खाद्यपदार्थ घरपोच देणारा एक तरुण पंपावरील रांगेला कंटाळून चक्क घोड्यावरून जाताना दिसला. अर्धशतकात देशाने बैलापासून घोड्यापर्यंत मजल मारली, हा वेग समाधानकारक मानण्यास हरकत नाही. महाराष्ट्रात मात्र या दिवसांत दोन वर्गांची सामाजिक प्रतिष्ठा वाढते. विजेवरच्या स्कूटरचा मालक त्या दिवशी काही काम नसताना पंपावरून सावकाश जातो, आणि आजवर ‘चार्जिंग संपलं तर?’ असे विचारणाऱ्या मित्रांना तोच प्रश्न शब्द बदलून विचारतो. दुसरा वर्ग सीएनजीवरील रिक्षाचालकांचा. गॅससाठी वर्षाचे बाराही महिने तासभर रांगेत काढण्याची सवय असलेले हे ज्येष्ठ लोक पेट्रोलवाल्यांची दोन दिवसांची तगमग शांतपणे पाहतात.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला आणि मालवाहतूकदारांची संघटना यांच्यात बोलणी झाली. नवी संहिता अद्याप लागू झालेली नाही आणि वादग्रस्त उपकलम लागू करण्यापूर्वी संघटनेशी चर्चा होईल, असे आश्वासन देण्यात आले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम वगळूनच आली. टँकर पुन्हा धावू लागले आणि जमिनीखालच्या टाक्या भरू लागल्या. परंतु पेट्रोल मुबलक झाले तेव्हा ते घ्यायला कोणी उरले नव्हते, कारण सर्वांच्या टाक्या दोन दिवसांपूर्वीच फुल झाल्या होत्या. एरवी शंभर रुपयांपुरती ओळख असलेल्या कित्येक टाक्यांनी आपली खरी क्षमता प्रथमच अनुभवली, आणि गाडीचा काटा इतका वर जाऊ शकतो हे पाहून मालकांनाही धन्यता वाटली. आपल्यामुळे टंचाई झाली, असे यांपैकी कोणालाही वाटले नाही. उलट आपण वेळीच गेलो म्हणून निभावलो, नाहीतर दुसऱ्या दिवशी पंप खरोखरच कोरडे पडले होते, हा पुरावा प्रत्येकाने आपल्या दूरदृष्टीच्या समर्थनार्थ पुढे केला. पुरावा खरा होता, त्यामुळे त्याचे खंडनही करता येत नाही.

या संपूर्ण विवेचनातून टंचाईवरचा उपाय अगदी सरळ निघतो : बातमी ऐकल्यावर घरी बसावे आणि काटा तांबड्या रेषेला टेकेपर्यंत पंपाकडे फिरकू नये. हा उपाय खात्रीचा आहे, त्याला खर्च नाही आणि तो सर्वांना मान्यही आहे; फक्त तो सर्वांनी एकाच वेळी केला तरच लागू पडतो. दुसरे लोक खरोखरच घरी बसले आहेत की नाहीत, याची खातरजमा झाल्याशिवाय कोणी घरी बसायला तयार होत नाही, आणि ही खातरजमा करण्याजोगी जागा शहरात एकच असल्यामुळे जो तो गाडी काढून पंपावर जातो.